पहिले दहा सेकंद

संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांनी मला दुकानातल्या गमतीजमती लिहायला सांगितलं. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं आवडतं, असं त्यांचं म्हणणं. गमती भरपूर आहेत आणि त्या मी सांगणारही आहे. पण कुंभार पिंपळगावच्या बसस्टँडसमोर इतकी वर्षं दुकान चालवताना घडलेली एक गोष्ट मी कितीतरी वर्षं कुणाला सांगितली नव्हती. ती गाळून बाकीचं लिहिणं म्हणजे पंगतीत चटण्या-कोशिंबिरी वाढून वरणभात आतच ठेवण्यासारखं होईल.

दुकानाचं नाव गुलमोहर. आधी गुलमोहर कॅसेट सेंटर, मग गुलमोहर सीडी, शेवटी गुलमोहर मोबाईल. पाटी एकच होती, काळ बदलला की पेंटरला बोलावून शेवटचा शब्द रंगवून घ्यायचा. शेवटच्या काळातला माझा धंदा आजच्या पोरांना सांगितला तर खरा वाटत नाही. तेव्हा फोनमध्ये इंटरनेट नव्हतं, असलं तरी परवडत नव्हतं. गाणी ऐकायची तर फोनमध्ये नखाएवढं मेमरी कार्ड घालायचं आणि ते माझ्यासारख्याकडून भरून घ्यायचं. बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांतून माणसं यायची. कुणाचं कार्ड रुमालाच्या गाठीत, कुणाचं काडेपेटीत, एकाचं तर तंबाखूच्या पुडीत. काय भरू विचारलं की उत्तर ठरलेलं, "भरा की चांगलं, तुम्हालाच कळतं."

पण सगळेच असे नव्हते. मोसंबी घेऊन लांब जाणारा एक टेम्पोवाला होता, त्याला संथ गाणं एकही नको असायचं. "संथ वाजलं की डोळा लागतो, मालक. एक जरी निघालं तर माझ्या पोरांचं पाप तुमच्यावर." मी त्याचं कार्ड अख्खं ऐकून द्यायचो. दुसरे एक म्हातारबाबा बैलासाठी गाणी न्यायचे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दुःखी गाणं लागलं की त्यांचा डावा बैल नांगराच्या तासात मधेच उभा राहायचा. मी हसलो तर म्हणाले, "हसू नका, उजव्याला काय बी चालतं. डावा नाजूक हाय."

बाजाराच्या दिवशी हे सगळं हाताने करणं अशक्य व्हायचं. एकेक गाणं शोधा, उचला, कार्डात टाका. त्यात लाईट कधी जाईल भरवसा नाही. कॉम्प्युटर क्लास घेणारे एक सर तेव्हा आठवड्यातून दोनदा गावात येत. त्यांनी माझी धडपड पाहिली आणि मला स्क्रिप्ट लिहायला शिकवलं.

स्क्रिप्ट म्हणजे काय, हे मी गिऱ्हाइकांना मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, हमालाचं उदाहरण देऊन सांगायचो. समजा, तुम्ही हमालाला एकदाच सगळं समजावून सांगितलं. मोंढ्याच्या ह्या टोकापासून निघ. प्रत्येक आडतीत शिर. मागे खोली असेल तर खोलीत जा, खोलीला माळा असेल तर माळ्यावर चढ. लाल सुतळीचं पोतं दिसलं की उचल, त्यावर शिक्का मार आणि गाडीत टाक. बाकीच्याला हात लावू नकोस. कॉम्प्युटरमध्ये आडत म्हणजे फोल्डर, पोतं म्हणजे फाईल, आणि लाल सुतळी म्हणजे गाण्याच्या फाईलच्या नावाचं शेपूट. आठ-दहा ओळी लिहायच्या, दोनदा क्लिक करायचं. काळी खिडकी उघडते, तिच्यात अक्षरं पळायला लागतात आणि तुम्ही चहा प्यायला मोकळे. हा हमाल थकत नाही, बिडी मागत नाही, चोरी करत नाही. मात्र 'मालक, हे पोतं आपलं वाटत न्हाई' असंही तो कधी म्हणत नाही.

त्याची पहिली चुणूक मला जांब समर्थला मिळाली. रामनवमीची यात्रा होती. तिथल्या एका भजनी मंडळाच्या गुरुजींनी अन्नछत्राच्या मांडवात लावायला भक्तिगीतांचं कार्ड मागितलं. मी 'भक्ती' नावाच्या फोल्डरवर स्क्रिप्ट सोडली आणि कार्ड दिलं. मी विसरलो होतो ते एवढंच, की आदल्या बाजारी घाईघाईत एका नवरदेवाची हळदीची गाणी मी 'नवीन' नावाच्या फोल्डरमध्ये टाकली होती आणि ते 'नवीन' चुकून 'भक्ती'च्या पोटात राहिलं होतं. हमाल माळ्यावर चढला. दुसऱ्या दिवशी भर पंगतीत आरती संपली आणि डीजेचा ठोका सुरू झाला. वाढपी पोरांचे पाय आपोआप हलायला लागले म्हणे. गुरुजी संध्याकाळी दुकानात आले. ओरडले नाहीत. कार्ड काउंटरवर ठेवून म्हणाले, "जे समर्थ बोहल्यावरून पळून गेले, त्यांच्याच गावात तुम्ही हळद लावली?"

ही गोष्ट मी पुढे कितीतरी वर्षं रंगवून सांगितली. त्यातून धडा मात्र घेतला नाही.

आता माझ्या दुसऱ्या कामाबद्दल. कॅसेटच्या काळापासून मी गावोगाव जाऊन गाणी रेकॉर्ड करायचो. गोंधळी, भजनी मंडळं, जात्यावर गाणाऱ्या बाया, भीमजयंतीला गाणारे गायक. दोन माईक, एक टेपरेकॉर्डर आणि दाराला लावायला जाड घोंगडी, एवढंच सामान. माझी एक पद्धत होती. गाणं सुरू होण्याआधी आवाज किती ठेवायचा हे बघायला गाणाऱ्याला थोडं बोलायला लावायचं. काय बोलू, असं सगळेच विचारायचे. मग मी सांगायचो, नाव सांगा, गाव सांगा. ते बोलेपर्यंत मी बटण फिरवून आवाज बसवून घ्यायचो. म्हणजे माझ्या प्रत्येक रेकॉर्डिंगची सुरुवात माणसाने स्वतःचं नाव सांगण्यापासून व्हायची. पुढे ह्या सगळ्या कॅसेटी मी कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि फोल्डरला नाव दिलं 'घरचं'.

त्यात पंचफुलाबाईंची गाणी होती. गोदाकाठच्या एका गावात बौद्ध वस्तीत त्या राहतात. कापूस वेचायला, निंदायला जायच्या आणि विहारात गायच्या. गाणी स्वतःच जुळवायच्या. त्यांचं एक गाणं होतं, लेकीला शाळेत धाडतानाचं:

लेक चालली साळंला, ऊन लागंना वाटंला,
भीमरायाचा गं हात माझ्या लेकीच्या पाटीला.

दुसरी ओळ त्यांची जाऊ गयाबाई झेलायची आणि तिच्यामागून वस्तीतल्या बाया. हे गाणं मी त्यांच्या घरात रेकॉर्ड केलं तेव्हा घोंगडीमागे इतकं उकडत होतं की सगळ्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण एकीचाही सूर हलला नाही. कॅसेटच्या काळात मी त्यावर बॉलपेनने त्यांचं नाव लिहायचो. लोक नाव घेऊन मागायचे, "पंचफुलाबाईचं साळंचं गाणं द्या."

मग मोबाईलचे दिवस आले आणि स्टँडवर आणखी दुकानं उघडली. माझी गाणी गिऱ्हाइकाच्या कार्डातून उचलून ती पोरं आपली म्हणून विकायला लागली. मला राग आला. मी ठरवलं, आपल्या प्रत्येक गाण्यावर आपला शिक्का पाहिजे. तेव्हा सगळेच मोबाईलवाले हे करत. फोनमध्ये गाणं लागलं की गायकाच्या जागी दुकानाचं नाव दिसायचं. मी एक पाऊल पुढे गेलो. माझ्या आवाजात एक ओळ रेकॉर्ड केली: "गुलमोहर मोबाईल, बसस्टँडसमोर, कुंभार पिंपळगाव." प्रत्येक गाण्याचे पहिले दहा सेकंद कापायचे, त्या जागी ही ओळ जोडायची, गायकाच्या रकान्यात दुकानाचं नाव घालायचं आणि फाईलला नवा नंबर द्यायचा. बाजारातल्या गाण्यांचे पहिले दहा सेकंद म्हणजे नुसतं वाजवणं, त्याचं कुणाला काय. स्क्रिप्ट लिहिली. 'बाजार' फोल्डरमध्ये जा, अशी ओळ तिच्यात सगळ्यात आधी हवी होती. ती ओळ लिहायची राहिली. हमालाला मी आडत सांगितलीच नाही, आणि उभा केला होता मोंढ्याच्या वेशीवर. लाईट आली तशी मी क्लिक केलं आणि जेवायला घरी गेलो.

परत आलो तेव्हा काम संपलेलं होतं. 'बाजार'चंही आणि 'घरचं'चंही. पंचफुलाबाईंचं गाणं लावून पाहिलं. आधी माझा आवाज, मग थेट गाणं; त्यांनी सांगितलेलं नाव कापलं गेलं होतं. गायक: गुलमोहर मोबाईल.

चूक मला तिथेच, त्याच दुपारी कळली. कॅसेटी तेव्हा शाबूत होत्या. पुन्हा उतरवायला आठ-पंधरा दिवस गेले असते. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात करू. तेवढ्यात परतूरहून कुणी सांगायला लागलं, "तुमचा आवाज आमच्या गावात वाजतो." अंबडच्या एका लग्नात डीजेवर माझं नाव ऐकलं म्हणून एक जण खास दुकान बघायला आला. मला ते गोड लागलं. पुढचा आठवडा आलाच नाही. कॅसेटींना नंतर वाळवी लागली आणि मी त्या उकिरड्यावर टाकल्या.

मग एका बाजारी पंचफुलाबाई आल्या. दुकानात गर्दी होती. त्या बाजूला उभ्या राहिल्या, गर्दी पांगल्यावर पुढे झाल्या. जयंतीच्या तयारीला विहारात सगळे जमले होते, तिथे साळंचं गाणं निघालं. हे गाणं माझं, असं त्या म्हणाल्या. वस्तीतल्या एका कॉलेजच्या पोराने फोन काढून गाणं लावलं. आधी माझा आवाज आला. स्क्रीनवर माझं दुकान. पोरं हसली. काकू, हे तर मोबाईलवाल्याचं गाणं हाय, म्हणाली. ती पोरं गाणं रेकॉर्ड झालं तेव्हा पाळण्यात होती. आणि साक्ष देईल अशी गयाबाई त्याआधीच वारली होती, झेलणाऱ्या बाकीच्या बायाही कुणी वारल्या, कुणी गाव सोडून गेल्या होत्या.

हे सगळं त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. मग म्हणाल्या, "भाऊ, तुमी एक डाव येऊन सांगा की, गाणं माझं हाय म्हणून."

मी म्हणालो, "बाई, ते कॉम्प्युटरनं आपोआप केलं. आता त्याला काही करता येत न्हाई."

त्यांनी जरा विचार केला. "त्याला येत नसंल. तुम्हाला येऊन सांगता तर यंल ना?"

बाजार झाला की येतो, म्हणालो. गेलो नाही. का गेलो नाही, ह्याची कारणं मी स्वतःला बरीच दिली. दुकानाचं नाव जाईल, शेजारचे दुकानदार टर उडवतील. ती खरी होती, पण पुरी नव्हती. वस्तीतली बाई आहे, ती कुठे जाणार आणि कुणाला सांगणार, हेही मनात होतं. हे लिहिताना हात थांबतो. पण होतं.

नंतरचं तुम्हाला माहीत आहे. इंटरनेट स्वस्त झालं, कार्ड भरायला कुणी येईना. दुकान बंद केलं. जुन्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्क फडक्यात गुंडाळून कपाटावर टाकल्या. मुलगा संभाजीनगरला, आम्ही दोघं गावात.

मागच्या वर्षी घनसावंगीला बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेलो होतो. बाकडं भरलेलं. एक म्हातारी सरकली आणि म्हणाली, "बसा भाऊ." पंचफुलाबाई होत्या. मी बसलो. तब्येत, पाऊसपाणी, नातवंडं. त्यांच्या बोलण्यात कसलाही काटा नव्हता. मीच न राहवून विचारलं, गाता का अजून?

"आवाज हाय," त्या म्हणाल्या. "पण गाऊ काय? गाणं तर तुमचं झालं."

टोमणा असता तर मी झेलला असता. टोमणा नव्हता. पाऊस उशिरा आला, असं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. त्यांचा नंबर आला, त्या उठून गेल्या. मी माझा दाखला न देताच घरी आलो.

त्याच दिवाळीला मुलगा आणि सून आले. सून वैशाली कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिचं रोजचं काम मी केलं त्याच जातीचं, फक्त फार मोठं. हजारो फाईली ठिकठिकाणच्या फोल्डरांतून गोळा करून, तपासून, जोडून त्यातून एक वस्तू तयार करणारी स्क्रिप्ट ती लिहिते. तिला मी सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, डिस्क कुठे आहेत?"

एक डिस्क मेलेली होती. तिच्यातलं गेलं ते गेलं, ती माणसं आता बिननावाचीच राहणार. दोन चालू झाल्या. माझी जुनी स्क्रिप्ट सापडली. वैशाली ती एकेक ओळ वाचत गेली. ती माझी लाजच ओळीओळीने वाचते आहे, असं मला वाटत होतं. एका ओळीवर ती थांबली आणि हसली.

"बाबा, ह्या स्क्रिप्टने पुसलं काहीच नाही. फक्त कापून बाजूला ठेवलंय."

मला समजेना. तिने दाखवलं. स्क्रिप्ट मी क्लासच्या सरांच्या नमुन्यावरून उतरवली होती. त्यात सरांनी घातलेली एक ओळ मी न समजताच तशीच ठेवली होती: कापलेला भाग टाकून देऊ नये, प्रत्येक फोल्डरच्या आत एक लपलेलं फोल्डर करून त्यात ठेवावा. नंबर गाण्याचाच. माझ्या काळ्या खिडकीने त्या दुपारी प्रत्येक फोल्डरच्या पोटात एक चिमुकलं फोल्डर केलं होतं. त्यांत दहा-दहा सेकंदांचे तुकडे पडून होते, आणि इतकी वर्षं ते माझ्याच कपाटावर होते.

वैशालीने पहिला तुकडा लावला. घोंगडीमागचा दबका आवाज आला, "मी किसन, संबळ वाजवतो. गाव तीर्थपुरी." दुसरा. तिसरा. माझी बायको पोळ्या लाटता लाटता लाटणं घेऊनच येऊन बसली. म्हातारे, बाया, एक पोरगा ज्याला स्वतःचं नाव सांगताना हसू आवरत नव्हतं. गाणं कुणाचंच नाही, नुसती नावं. दिवाळीचा तो सबंध दिवस आम्ही माणसांना नाव सांगताना ऐकत बसलो.

नवी स्क्रिप्ट मी स्वतः लिहिली. वैशाली शेजारी बसून चुका दाखवत होती. पहिली ओळ: 'घरचं' फोल्डरमध्ये जा, बाहेर पाय टाकू नको. मग आतल्या सगळ्या फोल्डरांत शिर. प्रत्येक गाणं घे, त्याच फोल्डरच्या पोटातला त्याच नंबरचा तुकडा शोध. गाण्याआधीची माझी ओळ काढ, तुकडा परत जोड. मी ऐकून टाईप केलेलं नाव गायकाच्या रकान्यात भर. तुकडा सापडला नाही तर गाण्याला हात लावू नको, मला विचार. ही शेवटची ओळ वैशालीची. हमालाला 'मालक, हे पोतं आपलं वाटत न्हाई' असं म्हणायला तिने शिकवलं. आधी सगळं नकलेवर चालवून पाहिलं. सगळी गाणी नावानिशी लावून एक पानही तयार होत होतं, फोनवर उघडणारं. गावावर बोट ठेवलं की त्या गावची माणसं. किसन संबळवाल्यांच्या मुलाला मी त्यांचा तुकडा पाठवला. वडिलांचा बोलता आवाज घरात कुणाकडेच नव्हता. त्याने फोन केला. म्हणाला, "बराबर त्यांचाच हाय."

पंचफुलाबाईंचा तुकडा मात्र मी शेवटी ऐकला. तो असा आहे. त्या म्हणतात, "मी पंचफुला." गावाचं नाव सांगतात. तेवढ्यात मागून हसण्याचा आवाज येतो आणि दुसरी बाई म्हणते, "आन् मी?" त्यावर एका पुरुषाचा आवाज, जरा त्रासिक, "एकच नाव सांगा बाई, कॅसेट जाती. जागा न्हाई." आणि तुकडा संपतो.

पुरुष मी आहे. दुसरी बाई गयाबाई. म्हणजे नावं खोडण्याचं काम कॉम्प्युटर येण्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं, आणि तेव्हा स्क्रिप्टमध्ये काही राहिलं वगैरे नव्हतं.

रविवारी विहारात वंदनेला सगळे जमतात, हे विचारून घेतलं आणि गेलो. दारात पंचफुलाबाई भेटल्या. "जय भीम, भाऊ." मी म्हटलं, "जय भीम, बाई. बाजार उरकला, म्हणून आलो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं.

वंदना झाल्यावर मी उभा राहिलो. भाषण मला जमत नाही. गाणं कुणी रचलं, कुणी गायलं, मी काय केलं, त्या दुकानात आल्या तेव्हा मी काय खोटं बोललो, हे ओळीने सांगितलं. फोन काढून हसलेला पोरगा आता जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी आहे, मिलिंद त्याचं नाव. तो मान खाली घालून ऐकत होता. सगळ्यांत आधी तोच बोलला, माझ्याशी नाही, त्यांच्याशी. "काकू, आम्ही तुम्हाला खोटं पाडलं."

"तुम्ही ल्हान होते," त्या म्हणाल्या. मी लहान नव्हतो. माझ्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, आणि ते बरोबरच होतं.

मग मी गाणं लावलं. मी पंचफुला. गाव. हसू. आन् मी? पंचफुलाबाईंचा हात तोंडावर गेला. थांबवा म्हणाल्या. परत लावा. परत लावलं. तिसऱ्यांदा "आन् मी?" आलं तेव्हा त्या फोनकडे बघून हळूच म्हणाल्या, "तू बी गं, गया. तू बी."

त्यांनी पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळल्या. आता त्यांचा आवाज दुकानात आल्या होत्या तेव्हासारखा नव्हता, घोंगडीमागचा होता.

"भाऊ, माझं एकटीचं नाव न्हाई चालायचं. गयाचं आधी टाका."

टाकतो म्हटलं. पिशवीतून माईक काढला. आजकाल फोनवरच होतं, पण मी माईक नेला होता. मिलिंदने खिडक्या लावून घेतल्या. बटण फिरवायचं काही कारण नव्हतं, तरी सवयीने म्हणालो, आवाज बघायचा आहे, नावं सांगा.

त्यांनी गयाबाईचं सांगितलं. स्वतःचं सांगितलं. मग थबकल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या. त्या कशाची वाट बघताहेत, हे माझ्या ध्यानात यायला जरा वेळ लागला.

"सांगा बाई," मी म्हणालो. "सावकाश सांगा. जागा भरपूर हाय."

मग त्यांनी एकेक करून नावं घेतली. दुसरी ओळ झेलणाऱ्या सगळ्या बाया. कोण कुणाची सून, कुणाचं माहेर कुठलं, कोण शेरडं सोडून गायला यायची, कोण बेसूर गायची पण हट्टाने पुढे बसायची. बसलेल्या बायकांमधून मधेच कुणी आठवण करून देत होतं, त्यांच्यातली कुणी आपल्या आईचं नाव ऐकून हसत होती. सगळी नावं संपल्यावर कुणी काही विचारायच्या आत पंचफुलाबाईंनी डोळे मिटले आणि साळंच्या गाण्याची पहिली ओळ उचलली. आवाज थोडा घोगरा झालाय. दुसरी ओळ कोण झेलणार, म्हणून त्या क्षणभर थांबल्या. मागून सगळ्या बायांनी मिळून ती झेलली.

घरी येऊन मी स्क्रिप्ट परत चालवली. विहारातल्या नव्या फाईलमध्ये गाण्यापेक्षा नावंच जास्त वेळ चालतात. वैशालीने फोनवर विचारलं, सुरुवात थोडी आवरती घ्यायची का, ऐकणाऱ्यांना लांबण वाटेल. मी तिला स्क्रिप्टची पहिली ओळ वाचून दाखवली. ती मी त्याच संध्याकाळी वर घातली आहे: ह्या फोल्डरमधली कुठलीही फाईल सुरुवातीला कापायची नाही.